आयर्विनच्या पुलावरचे फूट आणि माझ्या मशीनचा झीरो

गेल्या महिन्यात भाच्याचा सकाळी सकाळी फोन आला. त्याने नुकतेच ३०१८ या मापाचे छोटे सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार टूल फिरवून लाकूड कोरणारे मशीन, घेतले आहे. "मामा, काल रात्री लाकडाच्या कोपऱ्यावर झीरो घेतला आणि मशीन बंद केलं. आज चालू करून झीरोवर जा म्हटलं, तर टूल भलतीकडेच निघालं. झीरो सेव्ह होत नाही का?" मी त्याला सांगितले की झीरो, म्हणजे कोरकामाची मापे जिथून मोजायची तो बिंदू, सेव्ह झालेला आहे, अगदी दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत तो आकडा मशीनच्या कंट्रोल बोर्डात जसाच्या तसा आहे, पण तो आकडा ज्या ठिकाणापासून मोजला होता, ते ठिकाण मशीन बंद करताच नाहीसे झाले. फोनवर हे त्याला नीटसे पटले नाही. संध्याकाळी तो घरी आल्यावर मी मशीनपासून सुरुवात न करता आयर्विन पुलापासून केली, आणि मग त्याला ते एका दमात कळले. तेच इथे सविस्तर लिहीत आहे, कारण घरगुती सीएनसी घेणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात याच ठिकाणी अडतो, असे मी पाहिले आहे.

सांगलीत पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" १९२९ साली बांधून झालेल्या त्या पुलापाशी कृष्णेचे पाणी फुटांत मोजले जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टात तोच आकडा ५७ च्या वर गेला होता. पण घरातल्या माणसाला त्या आकड्याचा थेट उपयोग नसतो, त्याला स्वतःच्या पायरीची काळजी असते. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक गल्लीने आपापला एक आकडा लक्षात ठेवलेला असतो. माझ्या मावशीच्या घरी पायरीला पाणी ४३ फुटांना लागते. पुलावर ४५ झाले की मावशी ४५ मधून ४३ वजा करते आणि दोन फूट पाणी घरात येणार हे धरून धान्याची पोती माळ्यावर चढवते. पुलावरचा आकडा म्हणजे मशीन कोऑर्डिनेट, मावशीचे ४३ म्हणजे वर्क ऑफसेट, आणि पायरीपासून मोजलेले दोन फूट म्हणजे वर्क कोऑर्डिनेट. आता कल्पना करा की पुलावरची ती मोजपट्टी रोज रात्री कोणीतरी उखडून सकाळी मनाला येईल तिथे रोवतो. मावशीला ४३ हा आकडा कितीही पक्का पाठ असला, तरी तो त्या सकाळपासून निरुपयोगी झाला. भाच्याच्या मशीनवर नेमके हेच घडत होते.

मशीनच्या भाषेत हे गणित असेच आहे. अशा बहुतेक छोट्या मशीनवर जीआरबीएल ही प्रणाली चालते. तिच्याकडे जी५४ ते जी५९ अशा सहा वर्क कोऑर्डिनेट पद्धती असतात आणि त्यांचे ऑफसेट वीज गेली तरी पुसले न जाणाऱ्या स्मृतीत, म्हणजे ईईप्रॉममध्ये, लिहिले जातात. समजा जी५४ मध्ये एक्सचा, म्हणजे डाव्या-उजव्या दिशेचा, ऑफसेट उणे २६२.४०० आहे आणि टूल या क्षणी मशीन कोऑर्डिनेटमध्ये उणे २१२.४०० वर उभे आहे. मशीनच्या आकड्यातून ऑफसेट वजा केला की अधिक ५०.००० उरतात, म्हणजे टूल जॉबच्या, म्हणजे बांधलेल्या फळीच्या, कोपऱ्यापासून पन्नास मिलिमीटर उजवीकडे आहे. स्क्रीनवर आपण दिवसभर पाहतो तो हा पन्नासचा आकडा. कमांडच्या खिडकीत डॉलर आणि हॅश ही दोन चिन्हे टाइप करून एंटर केले की साठवलेले सगळे ऑफसेट ओळीने दिसतात. मी भाच्याला पहिल्यांदा तेच करायला लावले. आदल्या रात्रीचा आकडा तिथे शाबूत होता. बदलली होती ती मोजपट्टी.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे व्हीएमसीवर, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मशीनवर, सेटरचे काम केले आहे. तिथे शिफ्ट सुरू झाली की मशीन आधी रेफरन्सला, म्हणजे आपल्या ठरलेल्या मूळ बिंदूला, जाते आणि त्याशिवाय पुढचे काही चालू देत नाही, त्यामुळे मोजपट्टी कुठे रोवली आहे याचा विचार सेटरला करावाच लागत नाही. वाइसमध्ये जॉब बांधायचा, डायल फिरवून सरळ करायचा, एज फाइंडरने कडा घ्यायच्या आणि ऑफसेटच्या पानावर आकडा टाकायचा, एवढेच आमचे काम. त्या सवयीने मी घरच्या मशीनवर बसलो तेव्हा माझ्या हातात अर्धीच विद्या होती. ३०१८ बहुधा लिमिट स्विचशिवाय येते, म्हणजे टूल टोकाला पोचले हे बोर्डाला कळवणारे स्विच त्यावर नसतात. स्विच नसले, की मशीन ज्या क्षणी चालू होते त्या क्षणी टूल जिथे उभे असेल तेच त्याचे मशीन झीरो. वीज जाणे हे तर उघड कारण झाले. पण अर्डुइनोसारख्या बोर्डांपैकी पुष्कळांवर संगणकातला प्रोग्राम बंद करून पुन्हा जोडला, तरी बोर्ड रिसेट होतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. टूल जागचे हललेले नसते, आकडे मात्र हललेले असतात. आणखी एक बाब मला फार उशिरा कळली. जीआरबीएलच्या डॉलर-१ या सेटिंगमध्ये मूळचा आकडा २५ असतो, त्याचा अर्थ हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटरची पकड सोडून द्यायची. त्यानंतर स्क्रूच्या टोकाची मूठ चुकून फिरली, तर त्याचा पत्ता बोर्डाला लागत नाही, कारण स्टेपर मोटर आपण कुठे आहोत हे मोजत नाही, आपल्याला किती पावले टाकायला सांगितली एवढेच बोर्ड मोजते. तिथे २५५ घातले की मोटर कायम धरून ठेवते. मोटर थोडी गरम होते, ते मी चालवून घेतो.

या सगळ्याची किंमत मी ताईच्या पाटीवर मोजली. तिच्या नव्या घरासाठी "कृष्णाई" असे नाव सागवानात कोरायचे होते. वखारीतून २४० बाय ९० मिलिमीटरची, अठरा जाडीची सुरेख फळी रंधून आणली होती. साठ अंशांच्या व्ही-बिटने, म्हणजे निमुळत्या टोकाच्या टूलने, अक्षरे झाली आणि शेवटी शिरोरेघ एका दमात डावीकडून उजवीकडे निघाली होती. टूल "ष्णा"च्या डोक्यावर असताना वीज गेली. वीज आल्यावर मी पेन्सिलीने काढलेल्या कोपऱ्याच्या खुणेवर बिटचे टोक नजरेने आणले, झीरो घेतला आणि उरलेल्या ओळी चालवल्या. पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, हे त्या घाईत मनात आले नाही. "कृ"वरून आलेली रेघ "ष्णा"च्या मध्यावर येऊन थांबते आणि तिथून पुढची रेघ किंचित खालून सुरू होते, अशी पायरी त्या फळीवर उमटली. व्हर्नियरने मोजली तेव्हा ती ०.४ मिलिमीटर भरली. रोमन अक्षरांत एवढा फरक कदाचित खपून गेला असता, कारण तिथे प्रत्येक अक्षर सुटे असते. देवनागरीत शिरोरेघ ही सबंध शब्दाची एकच सरळ रेघ असते, आणि तिच्यावरची पायरी दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला बोचते. तेव्हापासून मी नवीन सेटिंग तपासताना आडवी आणि उभी अशा दोन्ही रेघा असलेले एखादे अक्षर भंगार तुकड्यावर दोनदा चालवतो. वायमध्ये, म्हणजे पुढे-मागे, चूक असेल तर शिरोरेघ दुहेरी होते, एक्समध्ये असेल तर काना दुहेरी होतो. दोन्ही एकेरी राहिले तरच खरी फळी बांधतो.

त्यानंतर मी तीन लिमिट स्विच बसवले, म्हणजेच पुलावरची मोजपट्टी कायमची रोवून टाकली. डॉलर-२२ मध्ये १ घातले की होमिंगची, म्हणजे स्विच शोधून मशीन झीरो ठरवण्याची, सोय चालू होते आणि डॉलर-एच ही आज्ञा दिली की टूल प्रथम झेडमध्ये वर जाते, मग एक्स आणि वाय एकदम स्विचकडे जातात. वर जाण्याचा हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे, कारण होमला जाताना टूल जॉबमधून ओढले जाऊ नये. स्विचला टेकल्यावर ते तिथून थोडे मागे सरकते. डॉलर-२७ मधला मूळचा आकडा एक मिलिमीटर आहे, म्हणून होमिंग झाल्यावर मशीन कोऑर्डिनेट तिन्ही बाजूंना उणे १.००० दाखवते. हे उणे आकडे पाहून नवा माणूस बिचकतो. जीआरबीएलच्या मूळ मांडणीत मशीनचे झीरो उजव्या, मागच्या, वरच्या कोपऱ्यात असते आणि सगळी कामाची जागा उणे बाजूला येते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. दुसरी गोष्ट अशी की ३०१८ मध्ये वायच्या हालचालीत टूल स्थिर असते आणि बेड सरकतो. वाय अधिक दिशेने जा म्हटले की बेड आपल्या अंगावर येतो आणि माणूस गोंधळतो. बेड स्थिर आहे आणि टूल त्यावरून फिरते आहे, असेच मनात धरून आकडे वाचावेत.

स्विचवर किती विसंबायचे, हे मात्र प्रत्येकाने स्वतः मोजून ठरवावे. मी ०.०१ लीस्ट काउंटचे डायल गेज बेडला लावून दहा वेळा होमिंग केले. माझ्या साध्या मायक्रोस्विचवर काटा ०.०२ ते ०.०३ च्या आत राहिला. लाकडाला ते भरपूर आहे. स्विचशिवाय, वीज गेली तेव्हाच्या जागीच मशीन पुन्हा चालू केले तरीही अगदी तोच बिंदू मिळत नाही. या स्क्रूची एका फेऱ्यातली चाल चार मिलिमीटर आणि मोटरच्या फेऱ्यात दोनशे पूर्ण पावले, म्हणजे एक पाऊल ०.०२ चे, वीज परत आल्यावर मोटर आपल्या ठरलेल्या स्थितीत उडी मारते आणि ती उडी दोन पावलांपर्यंत, म्हणजे ०.०४ पर्यंत असू शकते. माझ्या पाटीवरच्या ०.४ च्या पायरीत मशीनचा वाटा फार तर एवढाच होता. बाकीचा वाटा पेन्सिलीचा आणि नजरेचा.

होम पक्के झाल्यावर एक्स आणि वायचा झीरो घेण्यात खरा आनंद आहे. ३.१७५ व्यासाची गुळगुळीत पिन टूल धरणाऱ्या कोलेटमध्ये घालून, टूल फिरवणारे स्पिंडल बंद ठेवून, ती जॉबच्या डाव्या कडेजवळ आणायची, मध्ये कागदाची पट्टी धरून ०.०१ च्या पावलांनी पुढे सरकायचे आणि पट्टी ओढताना अडकू लागली की थांबायचे. अशा वेळी टूलचा मध्य कडेवर नसतो. तो पिनेची त्रिज्या १.५८७५ आणि कागदाची जाडी साधारण ०.१ एवढा अलीकडे असतो. म्हणून "जी१० एल२० पी१ एक्स-१.६८७५" असे लिहायचे, म्हणजे आत्ता टूल जिथे आहे त्या जागेला जी५४ मध्ये उणे १.६८७५ म्हणा, असा त्याचा अर्थ. त्रिज्या विसरून सरळ एक्स शून्य लिहिणे ही सर्रास होणारी चूक आहे आणि ती दीड मिलिमीटरची असते. एल२० सध्याच्या जागेला नाव देते, तर एल२ मध्ये आपण ऑफसेटचा आकडाच लिहून देतो. वहीत टिपलेला जुना ऑफसेट परत भरायला एल२ वापरतो.

दर वेळी हे करावे लागू नये म्हणून मी बेडवर एमडीएफचा एल आकाराचा अडसर स्क्रूने घट्ट बसवला आणि त्याच्या आतल्या दोन्ही कडा मशीनकडूनच कापून घेतल्या. हे करून पाहाच, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. गुण्याने कितीही जपून लावलेली पट्टी अक्षाला थोडी तिरकी बसतेच, पण मशीनने स्वतः कापलेली कड त्याच्या स्वतःच्या अक्षाला समांतरच असणार, आणि ती कोणत्या आकड्यावर आहे हेही कापतानाच ठाऊक झालेले असते. माझ्या अडसराचा कोपरा एक्स उणे २६२.४०० आणि वाय उणे १४१.७५० वर आहे. आतल्या कोपऱ्यात मी एक छोटी खाच ठेवली आहे, कारण भुशाचा एक कण जरी फळी आणि अडसर यांच्यामध्ये सापडला तरी फळी तिरकी बसते. फळी ठेवण्यापूर्वी रंगाच्या जुन्या ब्रशने दोन्ही कडा झाडायच्या, हा नियम मी मोडत नाही.

झेडचा झीरो वेगळ्या स्वभावाचा आहे, कारण टूल बदलले की तो जातो. एक्स आणि वायला तेव्हा हातही लावायचा नाही. म्हणून "सगळे झीरो" असे एकच बटण असते, ते मी जॉब सुरू झाल्यावर कधीच दाबत नाही. व्ही-बिटमध्ये झेडची चूक खोलीत न दिसता रेघेच्या जाडीत दिसते. साठ अंशांच्या बिटने दीड मिलिमीटर खोल गेले की रेघ १.७३ रुंद पडते आणि झेड ०.३ ने चुकला की रुंदी ०.३५ ने बदलते. नव्वद अंशांच्या बिटला तर खोलीच्या दुप्पट रुंदी, म्हणजे तिथे तीच चूक ०.६ होते. इकडे जुलैत हवा ओली असते तेव्हा रंधून आणलेली फळी आठवडाभरात वाकते आणि मधला भाग सहज एवढा वर येतो. मग कडेवर अचूक झीरो घेऊनही मधली अक्षरे जाड आणि टोकाची बारीक येतात. यावर झेड पुन्हा पुन्हा घेण्यात अर्थ नाही. आधी फ्लॅट बिटने फळीचा वरचा पृष्ठभाग मशीनवरच साफ करून घ्यावा आणि त्या ताज्या पृष्ठभागावर झेड घ्यावा. आरपार कापायचे असेल तर मात्र मी झेड बेडवरून घेतो, कारण तिथे महत्त्व तळाला असते.

झेडसाठी मी पितळेची चकती वापरतो. मायक्रोमीटरने ती १२.०३ भरते. तिची एक वायर चकतीला आणि दुसरी क्लिप टूलला लावली, की टूल टेकताच बोर्डाला कळते. टूल खाली सोडण्यापूर्वी चकती हाताने उचलून टूलला टेकवावी आणि स्क्रीनवरच्या स्थितीच्या ओळीत प्रोबचे पी हे अक्षर उमटते का, ते पाहावे. क्लिप लावायची राहिली असेल, तर टूल चकतीवर टेकूनही थांबत नाही, खाली रेटत राहते. मग जी९१ देऊन "जी३८.२ झेड-२० एफ५०" असे सोडतो. जी९१ मुळे ते वीस मिलिमीटर आत्ताच्या जागेपासून मोजले जातात. नाहीतर ते कालच्या, आता चुकीच्या झालेल्या झेड झीरोपासून मोजले गेले असते. पहिल्या टेकण्यात टूल थांबता थांबता थोडे पुढे जाते, म्हणून एक मिलिमीटर वर घेऊन एफ२५ ने, म्हणजे निम्म्या वेगाने, दुसऱ्यांदा टेकवतो आणि त्यानंतर "जी१० एल२० पी१ झेड१२.०३" लिहितो. शेवटी मोजणी पुन्हा झीरोपासून व्हावी म्हणून जी९० परत द्यायला विसरू नये.

झीरो बसवण्याच्या जी९२ या आज्ञेबद्दल माझे मत कडक आहे. घरगुती मशीनवर त्याच्या वाटेला जाऊ नये. तो जी५४ वर आणखी एक वजाबाकी चढवतो, आणि जीआरबीएलमध्ये रिसेट झाला की निघून जातो. काही प्रोग्राममधले झीरोचे बटण आतून जी९२ च पाठवते. माझ्या एका प्रोग्राममध्ये तसे होते, आणि होमिंग केल्यानंतरही झीरो का टिकत नाही हे शोधण्यात माझे दोन रविवार गेले. बटण दाबल्यावर कमांडच्या खिडकीत काय उमटते ते एकदा वाचावे. जी९२ दिसले तर ते बटण सोडून जी१० स्वतः टाइप करावे, आणि आधीचे उरलेले जी९२.१ ने पुसावे.

बेडच्या उजव्या बाजूला किल्लीच्या बिल्ल्यांसाठी मी दुसरा छोटा अडसर ठेवला आहे, त्याला जी५५ दिले आहे. त्यात लक्षात ठेवायचे एवढेच, की एम३० ने प्रोग्राम संपला की जीआरबीएल आपोआप जी५४ वर परतते. त्यामुळे बिल्ल्याच्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला जी५५ स्पष्ट लिहिलेले असावे, आणि मधल्या वेळेत झीरो घेताना पी२ लिहावे. नाहीतर बिल्ल्याचा झीरो पाटीच्या जागेत लिहिला जातो.

मशीनशेजारी दोऱ्याने बांधलेली एक वही आहे. तिच्यात तारीख, अडसराचे आकडे, चकतीची जाडी आणि स्विच सैल करून पुन्हा बसवला असेल तर त्याची नोंद असते, कारण स्विच हलला की मोजपट्टी हलली आणि सगळे जुने ऑफसेट रद्द झाले. भाच्याने त्याच वहीतून स्विचच्या जागा उतरवून घेतल्या आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या मशीनवर तिन्ही बसवले. रात्री मशीन बंद करून सकाळी होमिंग केले, झेड वर घेतला आणि "जी५४ जी० एक्स० वाय०" दिले. पिन फळीच्या कोपऱ्यावर येऊन थांबली, तसा त्याने तिचा फोटो काढून मला पाठवला.

ताईची पाटी मी त्याच फळीच्या दुसऱ्या बाजूवर कोरली. त्या दिवशीही एकदा वीज गेली. होमिंग करून थांबलेल्या ओळीपासून पुढे चालवले, तेव्हा रेघ कुठे तुटली होती ते मलाही नंतर शोधता आले नाही. पायरी पडलेली बाजू आता भिंतीकडे आहे.